पाठीचे दुखणे आणि विम्याचे कार्ड

तुमसरच्या धानाच्या बाजारात पोत्यांची चढउतार करणारा हमाल, तालुक्यातील बांध्यांमध्ये रोवणीच्या दिवसांत सकाळपासून वाकून असलेली मजूर स्त्री, सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारी कामगार आणि डोंगरी बुजुर्गच्या उघड्या मँगनीज खाणीत डंपर चालविणारा चालक यांचे धंदे वेगळे, मालक वेगळे आणि त्यांच्या नावाने झालेले कायदेही वेगळे. परंतु चाळिशी ओलांडता ओलांडता या चौघांच्याही पदरात एक समान मिळकत पडते. ती म्हणजे दुखणारी पाठ. तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. मालकाच्या खर्चात ती धरली जात नाही, मजुरीच्या दरात तिची भरपाई नसते आणि सरकारी आरोग्य विम्याच्या ज्या कार्डाची जाहिरात गावोगाव झाली, त्या कार्डावरही तिला जागा नाही.

हे शेवटचे विधान अनेकांना अतिशयोक्त वाटेल. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देणारी योजना कंबरदुखीला कशी नाकारील, असा प्रश्न कोणीही विचारील. म्हणून तुमसरमधील एखाद्या हमालाने हे कार्ड हातात घेऊन पाठीवर उपचार करणारा दवाखाना शोधावयाचे ठरविले, तर काय घडते, हे नीट पाहिले पाहिजे. या शोधात आपल्या आरोग्यव्यवस्थेची सारी रचना उघडी पडते.

नवा शब्द, जुना व्यवहार

हाडामांसाच्या दुखण्यावर हाताने उपचार करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. लचक उतरविणारे, हाड बसविणारे, चोळून देणारे लोक गावोगाव आहेत. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यावा, हा उपाय तर घराघरात माहीत असलेला. अलीकडे शहरांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून एक नवा शब्द खेड्यांपर्यंत येऊन पोचला आहे. तो म्हणजे कायरोप्रॅक्टिक. मणक्याला विशिष्ट झटका द्यावयाचा, कट् असा आवाज व्हावयाचा आणि रोग्याने सुटकेचा नि:श्वास टाकावयाचा, अशी दृश्ये लाखो लोक पाहतात. गावच्या उपायाला शहरी पाटी लागली की त्याची फीही शहरी होते, एवढा फरक त्यातून निश्चित पडतो.

ही पद्धती अमेरिकेतील. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी १८९५ साली डी. डी. पामर याने तिचा पाया घातला. बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणक्यांच्या सरकण्यात असते, असा त्याचा दावा होता. तो दावा शास्त्राने मान्य केलेला नाही. तथापि साध्या कंबरदुखीपुरते बोलावयाचे, तर हाताने मणक्यांना गती देण्याच्या उपचाराचा काही रोग्यांना मर्यादित उपयोग होतो, हे पुराव्याने दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत रोग्याचे शिक्षण, आखीव व्यायाम, मालिश आणि मणक्यावरील हस्तोपचार यांचा समावेश आहे. कंबरेला वजने लावून ताण देणे आणि कंबरपट्टा बांधणे यांची मात्र सरसकट शिफारस करू नये, असे तीच सूत्रे सांगतात. मानेला झटका देण्यातील धोका क्वचित घडणारा, पण गंभीर आहे, हेही विसरता येत नाही.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे कोणाच्या हाती आपला मणका सोपवीत आहोत, हे रोग्याने केवळ पाटी पाहून ओळखणे कठीण. भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे तसे नाही. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्यासाठी परिषद निर्माण केली, आणि २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. म्हणजे कष्टकऱ्याच्या पाठीला लागणारी विद्या देशात आहे, तिचे पदवीधर आहेत आणि तिला कायद्याची मान्यताही आहे. नाही तो तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता.

अमेरिकेतील कार्डाची गोष्ट

ज्या देशात ही पद्धती जन्मली, तेथे तरी सरकारी विमा आणि पाठीचा उपचार यांचे जुळले आहे काय? तेथील वृद्धांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, १९७२ च्या दुरुस्तीने कायरोप्रॅक्टिकचा समावेश झाला. पण तो एकाच क्रियेपुरता. मणक्यावरील हस्तोपचार तेवढा विम्यातून. तपासणी, मालिश, व्यायाम हे सारे रोग्याच्या खिशातून. मणक्यातील दोष क्ष-किरण चित्रात दिसला पाहिजे, अशी अट जवळजवळ २००० सालापर्यंत होती, आणि कायरोप्रॅक्टरने ते चित्र काढावयास सांगितले, तर त्याचे पैसे विमा देत नसे! आजही मान्य खर्चाचा पाचवा हिस्सा सामान्यत: रोग्याने भरावयाचा असतो, आणि प्रकृती आहे तशी टिकविण्यासाठी घेतलेला उपचार विम्यात बसत नाही. गरिबांच्या मेडिकेड योजनेत प्रौढांसाठी हा उपचार द्यावयाचा की नाही, हे प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. त्यामुळे आपले सरकारी कार्ड घेणारा दवाखाना शोधीत फिरणे, हा तेथील गरीब रोग्याच्या नित्य अनुभवाचा भाग आहे.

जगातील सर्वांत श्रीमंत देशाची ही अवस्था असेल, तर दोष पैशाच्या तुटवड्यात नसून विम्याच्या तर्कशास्त्रात आहे, असे मानण्यास जागा आहे. विमा हा मूलत: घटनेचा असतो. गोदाम जळाले, जहाज बुडाले, माणूस अपघातात सापडला, की विमा जागा होतो. झिजेचा विमा कोणी उतरवीत नाही. कष्टकऱ्याची पाठ एका दिवशी बुडत नाही, ती वीस वर्षे झिजते. म्हणून ती विम्याच्या जाळ्यातून अलगद खाली पडते.

खाट मिळाली तरच पैसे

महाराष्ट्रापुरता हा इतिहास थोडक्यात असा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते, भंडारा नव्हता. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्र सरकारची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी आली व पुढे दोन्हींची सांगड घालण्यात आली. प्रारंभी दीड लाख रुपयांचे असलेले संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर नेण्यात आले, आणि उत्पन्नाची अट काढून योजना शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. या योजनांनी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या अनेक गरीब रोग्यांना जीवदान दिले आहे. ते नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

परंतु या सर्व योजनांचा गाभा एकच आहे. रोगी रुग्णालयात दाखल झाला पाहिजे. ठरवून दिलेल्या यादीतील शस्त्रक्रिया किंवा उपचार त्याच्यावर झाला पाहिजे. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ जमेस धरला जातो. जो रोगी चालत येतो, तपासून घेतो, आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकतो आणि चालत घरी जातो, त्याचा खर्च योजनेच्या बाहेर आहे.

याचा परिणाम विपरीत होतो. मणक्यातील गादी सरकून शिरेवर दाब आला, पाय बधिर झाला आणि शस्त्रक्रियेची पाळी आली, तर कार्ड चालते. ती पाळी येऊ नये म्हणून सहा आठवडे भौतिकोपचार घ्यावयाचा असेल, तर कार्ड चालत नाही. ज्या टप्प्यावर खर्च थोडा आणि लाभ मोठा, तेथे राज्यसंस्था हात आखडता घेते. ज्या टप्प्यावर खर्च मोठा आणि लाभ अनिश्चित, तेथे ती सढळ होते. खासगी रुग्णालयांना मात्र नेमका हा दुसरा टप्पाच किफायतशीर असतो. ही योजना कोणाच्या सोयीने आखली गेली, याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

याच कारणाने घरोघरी कार्ड असूनही खिशातून होणारा खर्च हटत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ या वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वत:च्या खिशातून केला. सरकारचा आरोग्यखर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते.

विश्रांतीची किंमत कोण देणार?

कंबरदुखीच्या रोग्याला डॉक्टर हमखास सांगतात, की काही दिवस वजन उचलू नका, वाकण्याचे काम करू नका. सल्ला योग्य आहे. पण तुमसरच्या बाजारात धानाची आवक सुरू झाली असताना हमालाने पोते उचलावयाचे नाही, म्हणजे काय करावयाचे? रोवणी ही पावसाच्या आणि पऱ्ह्यांच्या वयाच्या तंत्राने चालते. ती कोणाच्या पाठीसाठी थांबत नाही. ते थोडे आठवडे हीच मजूर स्त्रीची वर्षातील मोठी कमाई. बिडी कामगाराचा हिशेब तर नगावर. जितक्या बिड्या वळल्या तितकी मजुरी, आणि सट्टेदाराने छाट म्हणून बाजूला काढल्या त्या तिच्याच अंगावर. अशा माणसाला विश्रांतीचा सल्ला म्हणजे उपासाचा सल्ला होय. म्हणून पाठीच्या उपचारात गेलेल्या मजुरीची भरपाई हा औषधाइतकाच आवश्यक घटक आहे, आणि कार्डावर त्याचा उल्लेखही नाही.

या देशाला हे कधीच सुचले नव्हते, असे नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. हेच आंबेडकर पुढे १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे राहिले. त्यांचा पराभव झाला, आणि याच द्विसदस्यीय मतदारसंघातून समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. आडारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेला प्रारंभ झाला. तिचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ खाटेचे पैसे देत नाही. तिचे स्वत:चे दवाखाने आहेत, बाह्यरुग्णाला तेथे औषधोपचार मिळतो, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम रोखीने मिळते. उपचार आणि विश्रांती यांची सांगड घालणारा विमा कसा असतो, याचा नमुना सत्तर वर्षांहून अधिक काळ आपल्यासमोर आहे.

पण त्याच्या कुंपणाबाहेर कोण राहिले? दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना राहिल्या, हंगामी कारखाने राहिले, शेतमजूर राहिले, घरी बसून काम करणाऱ्या स्त्रिया राहिल्या. म्हणजे तुमसर तालुक्यातील बहुसंख्य कष्टकरी राहिले.

बिडी कामगारांसाठी १९७६ साली स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा झाला. मालावर उपकर बसवून त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरे यांची सोय करण्यात आली. मँगनीज खाणकामगारांसाठीही त्याच वर्षी तसाच निधी उभारला गेला. उत्पादनातून निर्माण होणाऱ्या मूल्याचा ठरावीक हिस्सा उत्पादकाच्या शरीरासाठी राखून ठेवण्याचे हे तत्त्व मूलत: समाजवादी आहे. पण २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि बिडीवरील कल्याण उपकर रद्द झाला. दवाखान्यांचा खर्च आता सर्वसाधारण अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आहे. कामगाराचा हक्काचा पैसा सरकारचे अनुदान बनला. या बदलावर जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी ती झाली नाही. कामगार चळवळीनेही ही गोष्ट जवळपास मुकाट्याने सोसली.

कार्डाची व्याप्ती वाढवावी काय?

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. बाह्यरुग्ण उपचार आणि भौतिकोपचार यांचाही विम्यात समावेश करावा, खासगी दवाखान्यांना कार्ड स्वीकारावयास लावावे, म्हणजे प्रश्न मिटेल. सूचना सद्भावनेची आहे, आणि मध्यमवर्गाला ती पटण्याजोगीही आहे. पण अर्थशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही.

कार्ड ही मागणी आहे, पुरवठा नव्हे. खिशात कार्ड आले म्हणून तालुक्याच्या गावी भौतिकोपचारतज्ज्ञ जन्माला येत नाही. खासगी दवाखाना तेथेच निघतो, जेथे रोख फी देणारे पुरेसे लोक असतात. त्यामुळे विम्याचा पैसा नागपूरकडे वाहील आणि तुमसरचा रोगी त्या पैशामागे धावत गाडीभाडे भरील. पाठीच्या उपचाराला एकदा जाऊन भागत नाही. आठवड्यातून दोन-तीन खेपा, अशा कित्येक आठवडे कराव्या लागतात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. फी शून्य झाली तरी हा उपचार परवडणारा नाही.

दुसरे असे की, दर खेपेचे बिल लहान आणि खेपा असंख्य, अशा सेवेवर विमा कंपनीने देखरेख ठेवणे महाग पडते. मग एकतर खोटी बिले वाढतात, नाहीतर ती रोखण्यासाठी अटींचे असे जंगल उभे राहते, की खरा रोगीच बाहेर राहतो. अमेरिकेतील क्ष-किरणाची अट त्या जंगलातीलच एक झाड होते. तिसरे असे की, सरकारचा पैसा एकदा खासगी बिलांकडे वळला, की सरकारी रुग्णालयातील पदे भरण्याची निकड सरकारला उरत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. सार्वजनिक रुग्णालयाच्या इमारती, यंत्रे आणि माणसे यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास कोणती किंमत द्यावी लागते, हे या जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही.

खरा मार्ग सार्वजनिक सेवेचा

भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात एक साधे तत्त्व मांडले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही वैद्यकीय सेवेपासून वंचित ठेवता कामा नये. या तत्त्वाला कार्डाची गरज नाही, सेवेची आहे. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क केले आहेत. तुमसरला उपजिल्हा रुग्णालय आहे. म्हणजे तेथे भौतिकोपचाराचा सुसज्ज कक्ष आणि पूर्ण वेळचा तज्ज्ञ असला, तर कोणत्याही विम्यावाचून पाठीचा उपचार आजच फुकट आहे. तेव्हा विचारावयाचा प्रश्न ‘कोणता दवाखाना कार्ड घेतो’ हा नाही. ‘आमच्या रुग्णालयात ही सेवा आठवड्याचे सहा दिवस का नाही’, हा आहे.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. पोलिओने मुले पांगळी होत असताना थोड्याच वर्षांत तेथेच भौतिकोपचाराची शाळाही उभी राहिली. महापालिकेचे रुग्णालय, केंद्र सरकारचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साह्य अशा सार्वजनिक प्रयत्नांतून ती उभी राहिली होती. आज मात्र या शिक्षणाचा मोठा भाग खासगी महाविद्यालयांत गेला असून, भरमसाट फी भरून बाहेर पडलेला पदवीधर शहरात दवाखाना काढतो, यात त्याचा वैयक्तिक दोष नाही. सरकारी पदच नसेल, तर त्याने तुमसरला यावे कशासाठी? भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्याला जोडून भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू करणे आणि त्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण तालुक्यांच्या रुग्णालयांत ठेवणे, ही मागणी आजच करावयास हवी.

या उपचाराला महागडी यंत्रे लागतात, हाही एक समज आहे. कंबरदुखीच्या उपचाराचा मोठा भाग म्हणजे तपासणी, धीर, व्यायाम शिकविणे आणि काम करण्याची पद्धत बदलणे. एक प्रशिक्षित माणूस, एक खोली, काही चटया. आशा कार्यकर्तीला योग्य मानधन आणि शिक्षण देऊन यातील काही भाग गावातच पोचविता येईल.

दुखणे जेथे निर्माण होते तेथे

उपचाराइतकाच प्रतिबंधाचाही प्रश्न आहे, आणि तो कामाच्या जागीच सोडवावा लागेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी १९६७ साली करार केला व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा दंडक सुचविला. भारताने तो करार २०१० साली मान्य केला. महाराष्ट्रात तर १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लढविला. हमालाचा डॉक्टर होण्यापूर्वी त्याच्या पाठीवरील ओझे उतरविले पाहिजे, हे त्या चळवळीने सांगितले. पन्नास किलोंहून जड पोते तुमसरच्या कोणत्या काट्यावर आणि कोणत्या गिरणीत आजही उचलले जाते, याची पाहणी करणे अवघड नाही.

खाणीचे उदाहरण याहून बोलके आहे. मँगनीजपासून होणारी विषबाधा ही नुकसानभरपाईच्या कायद्याने व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केली आहे, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणींच्या परिसरात तिचे महत्त्व सांगावयास नको. पण डंपरच्या आसनावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या हादऱ्यांनी झिजलेल्या पाठीला त्या अनुसूचीत स्थान नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत स्नायू व सांध्यांच्या विकारांचा व्यवसायजन्य रोगांत समावेश केला आहे. आपल्या कायद्याने तो अजून केलेला नाही. ज्या दिवशी पाठीच्या दुखण्याची भरपाई मालकाच्या खर्चात धरली जाईल, त्या दिवशी चांगली आसने, हलकी पोती आणि कामातील विसावा आपोआप स्वस्त वाटू लागेल. मॉयल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी आहे. तिने याबाबत पुढाकार घेणे उचित ठरेल. कायम कामगाराला मिळणारी वैद्यकीय सोय कंत्राटी कामगारापर्यंत कितपत पोचते, हेही संघटनांनी विचारले पाहिजे.

जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्या सार्वत्रिक दुखण्याला नशिबाचे किंवा वयाचे नाव देऊन मोकळे होणे सोपे असते. पण खुर्चीत बसून दुखणारी पाठ आणि पोत्याखाली झिजणारी पाठ यांत वर्गाचा फरक आहे. पहिलीला खासगी दवाखाना आहे, रजा आहे, मालिश आहे. दुसरीला वेदनाशामक गोळी आहे आणि उद्याचा कामाचा दिवस आहे. या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने मूत्रपिंडे बिघडू शकतात. ती निकामी झाली म्हणजे मात्र तेच पाच लाखांचे कार्ड उपयोगी पडते!

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. उपजिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचाराची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कक्ष किती दिवस उघडा असतो, याची माहिती अधिकारात विचारणा करावी. रुग्ण कल्याण समितीत हमाल, बिडी कामगार आणि शेतमजूर स्त्रिया यांच्या प्रतिनिधींना जागा मागावी. बाजार समितीत आणि गिरण्यांत पोत्यांची वजने तपासून ती यादी जाहीर करावी. बिडी कामगारांचा कल्याण निधी हक्काच्या उपकरावर पुन्हा उभा करावा, आणि असंघटित कामगाराला आजारपणात रोख साह्य मिळावे, ही मागणी प्रत्येक कामगार मेळाव्याच्या ठरावात आली पाहिजे. कार्ड घरात असू द्यावे; ऐन प्रसंगी ते लागेल. पण तो प्रसंग येऊ नये यासाठी जी व्यवस्था लागते, ती कार्डाने येत नाही. ती रुग्णालयाच्या दारात आणि कामाच्या जागी, संघटनेच्या बळावर मागून घ्यावी लागते.